टीव्हीवरच्या अकरा रेषा

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८४

घडले ते असे :
१. कोळवण ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर संध्याकाळी आडव्या रेषा येतात. पांढऱ्या, तुटक. आज एका वेळी अकरा मोजल्या.
२. शनिवार, ता. २५ला, सहा वाजून चाळीस मिनिटांनी आईचा कार्यक्रम आहे. जात्यावरच्या ओव्या. टीव्हीची माणसे जानेवारीत जीप घेऊन आली. आई आणि शेजारच्या भीमामावशीला आमच्याच घरातल्या जात्यावर बसवून त्यांनी वीस मिनिटांचे चित्रीकरण केले. मी त्या दिवशी डिप्लोमाचे सर्टिफिकेट आणायला पुण्याला गेले होते.
३. कार्यक्रम एकदाच दाखवणार. नंतर पंधरा दिवसांनी टेप पुसून दुसऱ्या कामाला घेतात, असे कॅमेरावाल्याने आईला सांगितले.
४. गावात दुसरा टीव्ही नाही.
५. सरपंच साहेबराव पौडचा मेकॅनिक बोलावणार होते. मी नको म्हटले. तो माणूस सेटला बुक्की मारून दुरुस्ती करतो. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, फर्स्ट क्लास.

अठरा दिवस आहेत. मला तीन पुरतील.

बुधवार, ८ फेब्रुवारी

सकाळी अँटेनाच्या वायरची पिन काढून घासली, परत बसवली. संध्याकाळी एकही रेषा नाही.

दोष दूर. वेळ : सात मिनिटे. साहेबरावांना कळवले. ते म्हणाले, शिक्षणाचा असा उपयोग असतो. मी फार बोलले नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

चौदा रेषा.

मात्र कालच्यापेक्षा बारीक आहेत. (काल नव्हत्या. मंगळवारच्यापेक्षा, असे वाचावे.)

पंचायतीचा शिपाई कोंडीराम याच्याकडे खोलीची किल्ली असते, म्हणून तो कायम पाठीमागे उभा राहतो. आज म्हणाला, "आगं, गिरणी चालू झाली की येत्यात ह्या रेघा. समद्या गावाला ठावं हाय."

गावाला ठाऊक असणे हा पुरावा नाही. कोळवणची गिरणी डिझेल इंजिनवर चालते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ठिणगी नाही, त्यामुळे व्यत्यय नाही. हे दुसऱ्या वर्षाला असते. कोंडीरामला समजावून सांगितले. तो म्हणाला, "आसंल बया," आणि तंबाखू मळत बसला.

शनिवार, ११ फेब्रुवारी

अँटेनाची दिशा सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याकडे नऊ अंशांनी दुरुस्त केली. त्यासाठी पंचायतीच्या कौलांवर चढले. खाली बरीच माणसे जमली. मी कोणाकडे पाहिले नाही. चार कौले फुटली.

रेषा बारा.

आईने नांद्याच्या मावशीला निरोप पाठवला आहे. ती कार्यक्रम पाहायला एसटीने येणार. मी आईला विचारले, एवढा गाजावाजा कशाला? ती म्हणाली, "मला मेलीला काय बघायचंय? भीमा बोलिवते म्हनून." मग भांडी घासता घासता विचारले, "पन तोंड दिसंल का गं नीट त्यात?"

आईचा घरात एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात पदर नाकापर्यंत आहे.

मी म्हटले, नीट दिसेल. हे मी तांत्रिक अंदाज म्हणून सांगितले.

रविवार, १२ फेब्रुवारी

आज पिक्चर होता. पंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेषा शून्य. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिले. अँटेनाच्या नऊ अंशांचा परिणाम उशिरा दिसला, असे अनुमान.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

अकरा रेषा. अनुमान मागे.

एक क्रम मात्र दिसतो : मंगळवार, गुरुवार, शनिवार. कोंडीराम म्हणाला, "हेच तर वार हायेत गिरणीचे, साडेपाच ते आठ." मी म्हटले, एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींत कार्यकारण असतेच असे नाही. हे वाक्य त्याने मला परत म्हणायला लावले. मग बाहेर जाऊन दुसऱ्यांना सांगितले. हसण्याचा आवाज आला.

माझे मत : या तीन वारी ओढ्याकडचे पंप चालू होतात, व्होल्टेज पडते, आणि सेटच्या पॉवर सप्लायला ते झेपत नाही. म्हणजे दोष सेटच्या आत आहे. सेट उघडावा लागेल.

बुधवार, १५ फेब्रुवारी

भीमामावशी कालचे दळण घेऊन आली ती थेट आमच्या ओट्यावर टेकली. पीठ हातावर घेऊन आईला दाखवत होती. "बघ की चंद्रे, आता रॉकेलसारखा वास येत न्हाई पिठाला. भाकर कशी ग्वाड लागती." मग मला म्हणाली, "इशाखे, तू कवा येतीस गिरणीवं? तीन वरसं झाली, तू तितं पाय ठिवला न्हाईस."

पिठाचा विषय. टीव्हीशी संबंध नाही. नोंद केवळ दिवस पूर्ण करण्यासाठी.

मी गिरणीत जात नाही कारण मला पिठाने शिंका येतात. लहानपणी तिथे आमच्या वस्तीचे डबे शेवटी लावत आणि सगळ्यांचे दळण झाल्यावर घेत. तो वेगळा मुद्दा आहे. शिंका हेच कारण.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

गिरणीवाला कुशाबा स्वतः पंचायतीत आला. डबे शेवटी लावायचा तो याचा बाप. हा तसा नाही, असे आई म्हणते. मला मत नाही.

तो म्हणाला, "इशाखाताई, तुमच्या आईचा कारेक्रम हाय त्या शनवारी मी गिरणी बंद ठिवू का तासभर?"

मी सांगितले, गरज नाही. कोणाच्या धंद्याला माझ्यामुळे खोळंबा नको. शिवाय डिझेल इंजिनात हवा दाबून इंधन पेटवतात, ठिणगी वापरत नाहीत, हेही सविस्तर सांगितले. पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली. त्याने सगळे नीट ऐकले आणि म्हणाला, "व्हय, डिझेलचं तसंच आसतंय."

गावात निदान एकाला तरी पटले.

शनिवार, १८ फेब्रुवारी

सकाळी सेटचे मागचे कव्हर काढले. आत धूळ, एक पाल (मेलेली), आणि फिल्टरचा कंडेन्सर थोडा फुगलेला. बदलला. जोडणी स्वच्छ. माझे सोल्डरिंग हॉस्टेलमध्ये नावाजलेले होते.

संध्याकाळी तेरा रेषा, आणि आता चित्र खालून वर सरकते. बातम्या देणाऱ्या बाईंची हनुवटी वर आणि कपाळ खाली. साहेबरावांनी विचारले, हे आधी होत नव्हते ना? मी म्हटले, दोष लपून होता, आता तो उघडकीस आला.

त्यांनी परत पौडच्या मेकॅनिकचे नाव काढले. मी म्हटले, सोमवारपर्यंत वेळ द्या.

सोमवार, २० फेब्रुवारी

चित्र सरकणे थांबले.

पडद्याच्या मधोमध एकच आडवी रेषा आहे. प्रखर पांढरी. वर काळे, खाली काळे. चित्र त्या रेषेत दाबले गेले आहे.

बारकाईने पाहिल्यास ही प्रगतीच आहे. रेषांची संख्या अकरावरून एकावर आली.

साहेबरावांना हे सांगितले. त्यांनी वाकून ती रेषा पाहिली. मग म्हणाले, "पोरी, अकरा हुत्या तवा मागं मान्सं तरी दिसत हुती."

बुधवार, २२ फेब्रुवारी

चित्र उभे पसरवणारा एक ट्रान्झिस्टर गेला आहे. निदान पक्के. पुण्याला जाऊन आणला. जाताना पिरंगुटला बस बंद पडली, दीड तास. येताना पौडला उतरले असते तर मेकॅनिकचे दुकान स्टँडच्या समोरच होते. उतरले नाही. खिडकीतून दिसले, दुकान उघडे होते.

आईने हिरवे लुगडे धुऊन वाळत घातले आहे. शूटिंगला नेसली होती तेच. मी म्हटले, तू पडद्यावर असशील, खाली बसणाऱ्या आईला कोण पाहणार? ती म्हणाली, "मी बघंन की. तीच हाय का म्हनून."

निश्चय : उद्या संध्याकाळपर्यंत पूर्ण चित्र.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

ट्रान्झिस्टर बसवला. सेट चालू केला. तीन सेकंद पूर्ण चित्र आले. ते मी पाहिले. कोंडीरामनेही पाहिले, त्याला साक्षीला धरता येईल. मग आतून टिचकी मारल्यासारखा आवाज झाला.

आवाज चालू आहे. पडदा काळा.

हा काळेपणा तात्पुरता असावा.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

तात्पुरता नाही. पडद्याला उच्च व्होल्टेज देणारा लाइन आउटपुटचा भाग जळाला आहे. तो पुण्यात दोन दुकानांत मिळतो आणि दोन्ही शुक्रवारी बंद असतात, असे मी साहेबरावांना सांगितले. हे खरे नाही. आज जाऊन आज परत येणे जमले असते. पण तो भाग बसवल्यावर सेटचा आवाजही जाईल अशी मला भीती वाटली. हे इथे लिहून ठेवते, कारण इथे कोणी वाचत नाही.

साहेबरावांनी स्वतःच पौडला निरोप धाडला. मेकॅनिक लग्नाला गेला आहे, रविवारी येईल.

आईला सांगायचे आहे. संध्याकाळी सांगेन.

सांगितले नाही. ती भीमामावशीच्या केसांना तेल लावत होती.

शनिवार, २५ फेब्रुवारी

सकाळी आईला सांगितले. ती शेणाने अंगण सारवत होती, सारवतच राहिली. मग म्हणाली, "आवाज येतुया न्हवं?" मी हो म्हटले. "मग झालं."

संध्याकाळी सहापासून लोक आले. कोणीही घरी राहिले नाही. आमची वस्ती, वरची आळी, सगळे एकत्र दाटीने बसले. नांद्याची मावशी पुढे. आई हिरव्या लुगड्यात तिच्या शेजारी, पदर सारखा करून, काळ्या पडद्यासमोर.

सहा चाळीसला आवाज आला. आधी जात्याची घरघर, मग आई. बाबासाहेबांवरच्या ओव्या झाल्या, भाऊबीजेच्या झाल्या. मग ही आली, जी मला माहीत नव्हती :

लेक माझी शिकली गं, बारीक तारा ती जोडिती
सांगते बाई तुला, दिवा अंधारात लाविती

दिवा लावणे हे इलेक्ट्रिशियनचे काम. डिप्लोमाचे क्षेत्र वेगळे आहे. मी सेटच्या मागे उभी होते, तिथेच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर कोंडीराम पडद्याकडे बघून म्हणाला, "आज येक बी रेघ न्हाई." कोणी हसले नाही. तो गंमत करत नव्हता.

बाहेर पडताना माझ्या लक्षात आले की आज शनिवार आहे आणि गिरणीचा आवाज नाही. कुशाबा दारात होता, बायकापोरांसकट. त्याला विचारले. तो म्हणाला, "तुमी नगं म्हनला हुता, पर मोटार बंदच ठिवली म्या. आपल्या गावची बाई टीव्हीत येतीया."

मी म्हटले, मोटार?

"इंजान दिवाळीतच इकलं की. आता लायटीवं हाय गिरणी. तुमी डिझेलचं सांगत हुता, मला वाटलं तुमी शाळंतलं सांगताय."

म्हणजे आज पडद्यावर एकही रेषा आली नसती. सेटला मी हात लावला नसता तर.

आई घरी येताना नांद्याच्या मावशीला म्हणत होती, "आवाज माजाच हुता न्हवं? मला बाई दुसरीचाच वाटला."

रविवार, २६ फेब्रुवारी

पौडचा मेकॅनिक आला. सेट उघडायच्या आधी त्याने विचारले, "गिरणीला मोटार कवा बसली?" गिरणीत गेला. मीही गेले. शिंका आल्या नाहीत. मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक स्क्रू ढिला होता, तिथे ठिणगी पडत होती. त्याने तो आवळला. चार आटे. स्क्रूड्रायव्हर माझा वापरला, म्हणाला, चांगला आहे.

पंचायतीचा सेट तो पौडला घेऊन गेला. जीपमध्ये ठेवताना त्याने सेटला बुक्की मारली नाही. हाताने धूळ पुसली.

सोमवार, २७ फेब्रुवारी

टीव्ही केंद्राला लिहिले. नक्कल इथे ठेवते.

"सा. न. वि. वि.

ता. २५ फेब्रुवारी रोजी सायं. ६.४० वाजता आपण जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम दाखवला. त्यात ओव्या गाणाऱ्या चंद्रकला गेणबा ओव्हाळ, रा. कोळवण, ता. मुळशी, या माझ्या आई. गावातील एकुलता एक टीव्ही त्या वेळी नादुरुस्त होता. नादुरुस्ती माझ्या हातून झाली. त्यामुळे आईने स्वतःचा आवाज ऐकला, स्वतःला पाहिले नाही.

टेप पंधरा दिवसांनी पुसली जाते असे समजते. ती पुसण्यापूर्वी आईला एकदा आपल्या केंद्रात येऊन पाहता येईल का? वीस मिनिटे पुरेत. तेही शक्य नसेल तर ज्यात चेहरा स्पष्ट दिसतो तेवढाच भाग चालेल. ती एकटी प्रवास करत नाही, म्हणून मी सोबत येईन. मी आपल्या कोणत्याही यंत्राला हात लावणार नाही.

पंधरा दिवस रविवार, ता. ११ मार्चला पूर्ण होतात. तरी आपले उत्तर, होकार असो वा नकार, शुक्रवार, ता. ९ मार्चपर्यंत आम्हाला मिळावे, ही विनंती.

विशाखा गेणबा ओव्हाळ"