दोनदा वाचलेली कादंबरी

४ फेब्रुवारी
वाचनालयात आजपासून किशोर विभाग सुरू. कपाट एक, कादंबऱ्या साठ, प्रमुख मी. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पुस्तकावर मुलांसाठी शिफारशीचं कार्ड लावा, पण स्वतः वाचून. साठच्या साठ! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. बावीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला मागचं कव्हर पुरतं. शितावरून भाताची परीक्षा. चारच्या आत साठ कार्डं लिहून मोकळा. बहुतेकांवर ‘शेवट गोड’ लिहिलं. मुलांना धीर लागतो.
तरीही संकल्प : रोज पन्नास पानं.

५ फेब्रुवारी
पन्नास पानं उद्यापासून.
बायकोला दवाखान्यात ठेवून आज नऊ दिवस झाले. रिपोर्ट आला, चार पानी. पहिलं पान वाचलं. नाव, वय, वजन सगळं बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, एकदा निवांत बसून बोलू. निवांत म्हणाले, म्हणजे घाईचं काही नसणार.

७ फेब्रुवारी
किशोर विभागात एक वाचक पक्की झाली. नववीतली आहे, जाड चष्मा. आज पुस्तक परत देताना म्हणाली, काका, कार्डावर शेवट गोड लिहिलंय, पण शेवटी कुत्रा मरतो. मी म्हटलं, मरतो, पण किती सुंदर मरतो. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मुलगी विचार करायला लागली.

१० फेब्रुवारी
डॉक्टरांनी जिन्यात गाठलंच. उभ्याउभ्या सांगितलं. फार तर पाच-सहा आठवडे. डॉक्टर तरुण आहे, या वयात माणूस टोकाचं बोलतो.
हिला मात्र सगळं माहीत आहे. मला म्हणाली, लेकीला तुम्ही सांगा. मी सांगायला गेले तर मला रडू फुटेल आणि पोर घाबरेल. एकदा तिला कळलं, की मग आम्ही दोघी बोलू. मला तिच्याशी खूप बोलायचंय.
मी शब्द दिला.

११ फेब्रुवारी, सकाळी ७
आज चहाच्या वेळी सांगणार.
७.४०. तिची गणिताची चाचणी आहे. संध्याकाळी.
रात्री ८.३०. जेवत होती. भरल्या ताटावर असलं काही बोलू नये.

१३ फेब्रुवारी
काल नाही, आज नाही. लेक खोलीचं दार लावून बसते. दार वाजवलं तर काय पाहिजे विचारते. काय पाहिजे विचारल्यावर माणसाने काय सांगायचं? पंधरा वर्षांची आहे, या वयातल्या मुलांशी बोलायचं एक तंत्र असतं. त्यावर एखादं पुस्तक मिळतं का बघणे.

१४ फेब्रुवारी
सुचलं! विभागातली ती निळ्या कव्हरची कादंबरी. मागे लिहिलंय, ‘आईच्या आजारपणाला सामोऱ्या जाणाऱ्या एका मुलीची हृद्य कहाणी.’ बापाच्या तोंडून जे निघत नाही ते साहित्य सांगतं. लेकीच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिने विचारलं, तुम्ही वाचलीय का? म्हटलं, दोनदा.
संध्याकाळी हिला सांगितलं, की सांगितलं. तिने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, धीराने घेतलं. ही भिंतीकडे तोंड करून थोडी रडली. मोकळं वाटलं असणार.

१८ फेब्रुवारी
मायलेकी आज तासभर जवळ बसल्या होत्या. लेक चाचणीचे मार्क सांगत होती, ही ऐकत होती. विषय कुणीच काढला नाही. किती समजूतदार माणसं आहेत माझ्या घरात.
निघताना हिने माझी बाही धरली. म्हणाली, तुम्ही खरंच सांगितलंत ना? वाईट वाटलं. सोळा वर्षांच्या संसारात एवढाही विश्वास नाही.

२० फेब्रुवारी
लेकीने सकाळी निळी कादंबरी परत दिली. म्हणाली, एकशे बाराव्या पानावर माझं एक अडलंय, तुम्ही बघा आणि मग काय ते करा. मी म्हटलं, एकशे बारा ना! अप्रतिम पान आहे, माझंही आवडतं. ती दप्तर उचलून शाळेला गेली.
कादंबरी दहाच्या ठोक्याला वाचनालयात जमा केली. पुस्तक घरात अडकवून ठेवणाऱ्यांतला मी नाही. कपाटात मधोमध, सर्वांना दिसेल अशी उभी केली.

२१ फेब्रुवारी
कमाल झाली. लेकीने संध्याकाळी सगळ्यांत आधी माझी पिशवी उघडून बघितली. कादंबरी कुठेय विचारलं. म्हटलं, कालच परत केली. पुन्हा विचारलं, नक्की? बघून? म्हटलं, अगदी बघून. तिने माझ्या गळ्यात हात टाकले. किती वर्षांनी!
जेवताना गुणगुणत होती. शाळेचं पाच दिवसांचं शिबिर आहे, गेले दोन आठवडे नाही म्हणत होती. आता जाते म्हणाली. हा कादंबरीचा परिणाम. यावर एक लेख लिहायला घेतला : ‘किशोरांना दुःखासाठी तयार करताना’. मथळा झाला.

२ मार्च
मेहुणी म्हणाली, भाऊजी, पोरीला आत्ता कशाला पाठवताय? गावाच्या मुलांना पुस्तकं सुचवता, घरच्या मुलीला एक वाक्य सांगवत नाही? मी म्हटलं, तिला सगळं माहीत आहे. शिवाय डॉक्टरांच्या हिशेबानेसुद्धा अजून वेळ आहे.

३ मार्च
लेक गेली. बस सुटायची होती, दवाखान्यात दहा मिनिटं थांबली. आईला म्हणाली, शुक्रवारी येते, तोवर बरी हो. ही हसली, मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकी लावली, वारा येत होता.

५ मार्च
दुपारी २.१० ला ही गेली.
सकाळी विचारत होती, ती काही म्हणाली का. म्हटलं, शुक्रवारी येतेय.

६ मार्च
शिक्षिका लेकीला घेऊन आल्या. ती माझ्याशी बोलत नाही. धक्का आहे, उतरेल.

१९ मार्च
पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा बोलली. विचारलं, पुस्तक परत का केलंत? मी म्हटलं, अगं, कर्मचाऱ्यानेच पुस्तक घरी ठेवलं तर शिस्त कुठे राहिली. ती उठून गेली. दुःखात माणूस काहीही विचारतो.

२४ मार्च
मॅडमनी किशोर विभाग बंद केला. दीड महिन्यात अकरा पुस्तकं गेली, त्यातली नऊ चष्मेवालीने नेली. वर्गणीदारांपैकी निळ्या कादंबरीला कुणी हात लावलेला नाही.
आत ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं तपासायची असतात. निळीच्या पान ११२ वर चिठ्ठी. टाचणी लावलेली. लेकीचं अक्षर. १९ फेब्रुवारी.
बाबा, गोष्टीतल्या मुलीला तिच्या बाबांनी इथे सांगितलं, की आई बरी होणार नाही. आपलंही तसंच असेल तर पुस्तक परत माझ्या टेबलावर ठेवा. नसेल तर वाचनालयात देऊन टाका. तोंडाने सांगू नका. मला माहीत आहे, तुम्हाला जमत नाही.
कार्ड काढून टाकलं.
कपाटासमोर फरशीवर बसून पुढचं वाचलं. ११३ पासून आई आणि मुलगी बोलत बसल्यात. विशेष काही नाही, शाळेचं, कपड्यांचं, लहानपणी कोण कुठे पडलं होतं ते. सात पानं आहेत.
दोनदा वाचली.