माझाच तीळ थांबवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
तेलबिया संशोधन केंद्र

विषय : मीच तयार केलेला तिळाचा वाण शुक्रवारी प्रसारित न करणेबाबत, तसेच मंडपाचा एक खांब चार हात सरकवणेबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र (घरी फ्रेम करून लावले आहे).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या केंद्रात पैदासकार असून गेली चौदा वर्षे एकाच ध्यासात घालवली आहेत. तीळ पिकला की बोंडे उकलतात आणि कापणीआधीच दाणे मातीत सांडतात. म्हणून न उकलणारे बोंड तयार करायचे मी ठरवले. ते तयार झाले आहे. ते उकलत नाही.

२. गेल्या आठवड्यात प्रथमच एका अख्ख्या एकराची मळणी केली. पेंढ्या उलट्या करून झटकल्या, काठीने बडवल्या. एक दाणा पडला नाही. मळणी यंत्रात घातल्या तेव्हा बोंडांबरोबर दाणेही चिरडले आणि खालून तेलकट पेंड आली. घोडे पेंड खाते ते येथेच. आजवर हे ध्यानात कसे आले नाही, असे आपण विचाराल. चाचणीत मूठभर बोंडे असत आणि ती आम्ही टेबलाशी बसून कात्रीने कापत असू. सांडलेला दाणा शून्य, त्यामुळे उत्पादन विक्रमी आले. घरी नेलेली काही बोंडे पत्नीने दाराच्या फटीत घालून फोडली आणि म्हणाली, "तुमच्यासारखाच वाण काढलात हो. आत सगळं आहे, बाहेर काही येत नाही."

३. आता लाजेचा भाग. दरवर्षी काही झाडांची बोंडे पिकल्यावर टोकाशी जराशी उघडत. दाणा आतच राही, पण झाड उलटे करून झटकले की भराभर पडे. अशी झाडे भेसळ समजून मी स्वतःच्या हाताने उपटत आलो. शेतावरच्या मुकादम मावशी सहाव्या वर्षीच म्हणाल्या होत्या, "साहेब, ह्याचं तोंड एवढंसं उघडंय, पण दाणा काही सांडत नाही. राहू द्या की." त्यावर मी वहीत शेरा मारला : ‘सूचना अशास्त्रीय’. खाली सहीही केली आहे.

४. मळणी फसल्यावर तसे झाड शोधत मी तीन दिवस शेत पालथे घातले. उपटण्याचे काम मी चोख केले होते. शेवटी मावशींनीच दाखवले. वाणाचे नाव आणि ‘जनक’ म्हणून माझे नाव रंगवलेला जो फलक बांधावर आहे, त्याच्या मागे एक झाड उरले आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच. फलकासमोर मी रोज उभा राहत असे, मागे कधी गेलो नाही.

५. या झाडाची खालची तीन बोंडे वाळून टोकाशी उघडली आहेत. वरची पिकण्यास अजून अठरा दिवस लागतील. समारंभाच्या मंडपाचा खांब नेमका तेथेच येतो.

६. मी महिनाअखेर निवृत्त होत आहे. प्रसारण थांबले, तर नावावर एकही वाण नसताना घरी जाईन. याचे मला फार वाईट वाटते. दोन दिवस जेवण जात नाही. परंतु शुक्रवारी बियाणे नेणाऱ्या चाळीस शेतकरी घरांनी माझ्यावर विश्वास ठेवून पेरावे आणि खळ्यावर बडवत बसावे, हे मला सहन होणार नाही. तरी कात्रीनेच बोंडे कापून भरलेल्या बियाण्याच्या पिशव्या गोदामातच ठेवाव्यात, झाड राखावे आणि त्याचे बी माझ्यामागून येणाऱ्या पैदासकाराच्या हाती द्यावे. मावशींचे ऐकण्याची त्यास लेखी ताकीद असावी.

७. अक्षराबद्दल क्षमा असावी. मंडपवाले पहार घेऊन आले आहेत. मी झाडापाशी उभा असून त्यांच्याच शिडीवर कागद ठेवून लिहीत आहे. अर्ज मावशी आणून देतील. उत्तर येईपर्यंत मी येथून हलणार नाही.

आपला नम्र व स्वेच्छेने वाणहीन,
(सही)
तेलबिया पैदासकार
दिनांक : १८, बुधवार

सोबत : सदर वाणाची बारा बोंडे. शुक्रवारी आपण एक बोंड हाताने उघडून वाण प्रसारित कराल, असे पत्रिकेत छापले आहे. कृपया आजच एक उघडून पाहावे. उघडल्यास हा अर्ज रद्द समजावा.