शुक्रवारचा फोन

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज खरं गिऱ्हाईक आलं! मोबाइल दुरुस्तीचा कोर्स करून पडवीत टेबल मांडलं, त्याला दोन महिने झाले. आजवर नुसते रिचार्ज आणि काचा चिकटवणं. आज खाडीपलीकडच्या दिघीची सफुरा खाला फेरीबोटीने इकडे आगरदांड्याला उतरली ती थेट माझ्याकडे. जुनापाना फोन पुढे ठेवला. "आवाज येत न्हाय. एक दुकानवाला बोलला, फेकून दे. तू उघडून बघशील, हेमाली?"

तिचा मुलगा जिब्रान मस्कतला नोकरीला. हा त्याचाच जुना फोन, जाताना आईला दिलेला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो घरी फोन करतो. "शुक्रवारपर्यंत दे, बाय."

दिला शब्द!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उघडला. आत सगळा हिरवट गंज — आपली खारी हवा! स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन दोन तास घासत बसले. भान नव्हतं. परेश ट्रेलर घेऊन रस्त्यावर, त्याने दोनदा फोन केला; नवऱ्याचा फोनही घेतला नाही! कानाचा आणि रिंगचा, दोन्ही स्पीकर मात्र मेल्यात जमा. माझ्याकडच्या एका मोडक्या फोनातले बसतील.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गाढव आहे मी! स्पीकर बसवले आणि बंद करताना चिमट्याने स्क्रीनला जोडलेली पातळ पट्टी फाडली. स्क्रीन काळी ठिक्कर. जेवण गेलं नाही.

परेशला सांगितलं. वाटलं, हसेल. म्हणाला, "मॉडेलचा नंबर पाठव. उद्या पनवेलला गाडी खाली करायचीय, बघतो नवी स्क्रीन मिळते का."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मिळाली! चौथ्या दुकानात. रात्री घेऊन येतोय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

झाला सुरू! सकाळी सकाळी स्क्रीन बसवली.

सफुरा खाला दुपारच्या फेरीने आली. पट्टी फाडल्याचं आधी सांगून टाकलं. "तुझ्या हातून फाटलं, तुझ्याच हातून जोडलं. मग काय?" म्हणाली. हलकं वाटलं.

चहा घेता घेता हळूच बोलली — सहा महिने तिला जिब्रानचं काही ऐकूच येत नव्हतं! नुसती गुणगुण. फोन थरथरला की उचलायची. "त्याला कळलं तर उगाच जिवाला घोर. म्हणून तो काय बोलला तरी मी आपली — हो बेटा, हो."

तेवढ्यात वाजलाच. आवाज काय खणखणीत! मी मुद्दाम परसात गेले. परत आले तर ती उभी, फोन छातीशी धरलेला, तोंड उतरलेलं. "मी हो बोलले..." एवढंच पुटपुटली आणि धक्क्याकडे निघून गेली. चहा तसाच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आली नाही. काय ऐकलं असेल तिने? दिवसभर कामात लक्ष लागेना.

रविवार, ९ नोव्हेंबर

आली. मे महिन्यात जिब्रानने विचारलं होतं — नोकरी सोडून कायमचा घरी येऊ का? तिने न ऐकताच हो म्हटलं. त्याने राजीनामा दिलाय. मंगळवारी पोचतोय.

आपल्या एका 'हो'ने त्याची नोकरी गेली म्हणून दोन दिवस रडली म्हणे. आणि आता माझ्यासमोर डोळे पुसत हसत होती — "तेव्हा ऐकू आलं असतं ना हेमाली, तर मी नको बोलले असते!"