मान दत्ताकडे, धड पप्पूकडे

नमो बुद्धाय.

मी, सरजाबाई सिताराम वाव्हळे, वय चौसष्ट, धर्म बौद्ध, निवृत्त अंगणवाडी सेविका, मुक्काम झरी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. कॅन्सर आता औषधाला दाद देत नाही, असे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितले, ते बरे केले. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. मला भाग पाडणारा माणूस झरीत अजून जन्मायचा आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

मला दोन मुलगे. थोरला दत्ता, संभाजीनगरला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. धाकटा पप्पू इथेच राहतो आणि वडिलांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. बाप गेल्यापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी दवाखान्यात होते तेव्हा एक सकाळी यायचा, एक संध्याकाळी. दोघेही आत येण्याआधी नर्सबाईला विचारायचे, "त्यो गेला का?" आई कशी आहे, हे नंतर.

१. माझ्या नावावरचे घर मी माझी सून, म्हणजे पप्पूची बायको मनिषा हिला देते. माझे सगळे तिनेच केले, तोंड वाकडे न करता. मुलांच्या नावावर करत नाही, कारण ते दोघे काहीही मधोमध तोडू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दत्ता कधी आलाच तर पुढची खोली त्याची. त्याला झोपायला दोन उशा लागतात, मनिषाने लक्षात ठेवावे.

२. बँकेत जे काही आहे त्यातून माझा अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन करावे. उरेल त्यातून विहाराला चांगला माईक घ्यावा. आत्ताचा खरखरतो, वंदनेतले निम्मे शब्द तोच खातो.

३. गिटार. ही फेंडर कंपनीची आहे. आमच्या मालकांनी ती सिकंदराबादला एका वाजवणाऱ्याकडून घेतली. त्यासाठी स्कूटर विकली आणि पुढे जन्मभर पायी हिंडले. रेल्वेत मांडीवर घेऊन आले. मी दारातच म्हटले, "सवत आणली की हो!" तर म्हणाले, "सरजा, एकदा पोटाला लावून तर बघ." मागून बरगडीपाशी लाकूड असे तासलेले की ते अंगाला बिलगून बसावे. मेपलच्या पिवळ्या लाकडाची मान. तारांखाली आवाज उचलणाऱ्या तीन कॉईल. आणि आवाज लख्ख, घंटेसारखा, ढोलकीच्या दणक्यातही वेगळा कळायचा. मी भाकरी थापता थापता ओळखायची. दुसऱ्या कंपनीची गिटार कोणी दाखवायला आणली की मालक म्हणायचे, "गोड हाय, पण लाडात बोलायली. आपली फेंडर तोंडावर बोलती. आमच्या सरजासारखी."

तिची मान धडाला चिकटवलेली नसते. मागून एक लोखंडी पट्टी आणि चार स्क्रू, एवढ्यावरच ती उभी असते. या चार स्क्रूंनीच माझे घर मोडले.

मालकांच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे जेवत होते आणि इकडे भावांचे सुरू झाले. दत्ता म्हणाला, "बाबाचा आवाज मानेत हाय. मेपलची हाय म्हणून तर सूर खणखणीत निघायलाय." पप्पू म्हणाला, "आवाज कॉईलमधी हाय, म्हंजी धडात. मान काय, कोणचीबी लावावं." तेव्हा मालकांचे चुलतभाऊ दिनकरराव पुढे झाले. "कशाला भांडायलाव? ज्याला आवाज जिथं वाटतोय, त्यानं ते न्यावं." आणि खिशातून पेचकस काढला! जेवायला आलेला माणूस खिशात पेचकस घेऊन येतो का हो? मी ओरडत होते, "अरे, बापाला कापायलाव का रे?" कोणी ऐकले नाही. मला फक्त जमिनीवर पडलेले स्क्रू आणि पट्टी उचलता आली. पेचकसही मी हिसकावून घेतला.

मान संभाजीनगरला गेली, धड झरीत राहिले. दत्ताने मानेला नवे धड लावले, पप्पूने धडाला नवी मान. पप्पूने एका रात्रीच्या कार्यक्रमाहून फोन केला, "माय, वाजायली, पण बाबावानी न्हाई." पुढे दत्ताचा फोन आला. शब्द तेच. मी पदर तोंडात धरून रडले. एकाचे दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती, नाव काढले की फोन ठेवायचे.

४. दिनकररावांना माझ्या मातीला येऊ द्यावे. पोटभर जेवू घालावे. भाषण करू देऊ नये.

५. आवाज कुठे आहे, याची साक्ष मी देते, कारण सगळ्यात जास्त मी ऐकला आहे. मालक नेहमी सांगायचे, "मान एकटी लाकूड, धड एकटं लाकूड. दोन्ही घट्ट बसली की थरथर इकडून तिकडं जाती. मग ती फेंडर." तुम्ही दोघेही खरे होतात रे. अर्धे अर्धे.

म्हणून दोन स्क्रू दत्ताला देते, दोन पप्पूला. दोन स्क्रूंवर मान धरत नाही, तारा ताणल्या की उचलते. बाजारचे स्क्रू आणाल, तुमची अक्कल मला ठाऊक आहे. पण त्या लाकडातली भोकं ह्याच चौघांची आहेत. लोखंडी पट्टी मनिषाकडे राहील. पेचकस पार्टीतले ढोलकीवाले आश्रुबा यांच्याकडे दिला आहे. त्यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. दोघे भाऊ एका सतरंजीवर बसल्याशिवाय त्यांनी तो कोणाच्या हातात देऊ नये, माझी शपथ घातली आहे.

मला वाटले होते, जिवंतपणी ऐकायला मिळेल. आता ते होत नाही. याचे फार वाईट वाटते, खोटे कशाला लिहू.

६. जोडून वायर लावली की ती गूंऽऽ करील. बिघडली म्हणून परत उघडू नका. ह्या गिटारीचा स्वभावच तो. तारांवर माणसाचा हात पडला की गुणगुण दबते. मालक तिला तशीच ठेवून चहा प्यायला बसायचे आणि मी चुलीपाशी वैतागून ओरडायची, "अहो, हात ठेवा तिच्यावर!" आता ओरडायला मी नसेन. कोणी हात ठेवायचा, ते तुम्ही दोघांनी ठरवा. तेवढ्यासाठी तरी बोला.

हे सगळे मी वाचून पाहिले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : झरी
दिनांक : ९ डिसेंबर २०२४

सही : सरजाबाई सिताराम वाव्हळे

साक्षीदार :
१. आश्रुबा गणपत खिल्लारे, ढोलकीवादक, झरी
२. सविता प्रल्हाद मोरे, अंगणवाडी सेविका, झरी