बाटलीतला कापूस

प्रिय लेकी,

फोनवर मी 'बघू' म्हणाले आणि तू खुशीत फोन ठेवलास. माझ्या हाताखाली वाढलीस आणि माझ्या 'बघू'चा अर्थ तुला अजून कळत नाही? माझं 'बघू' म्हणजे 'नाही'. रविवारी तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील आपल्याकडे येतील, तेव्हा माझी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली मी कपाटात ठेवणार नाही. झालं, सांगून टाकलं. आता फुरंगटून पत्र बाजूला टाकू नकोस, पुढचं वाच.

बाटली गप्प करायची युक्ती तुझीच, आठवतं? तिसरीत होतीस. बसमध्ये माझी पिशवी हलली की आत गोळ्या खुळखुळायच्या आणि मी चोरासारखी इकडेतिकडे बघायचे. एक दिवस तू कापसाचा बोळा करून बाटलीत कोंबलास, ती कानाशी धरून हलवलीस आणि आजीबाईच्या थाटात म्हणालीस, आता नाही बोलणार ती. केवढं कौतुक वाटलं होतं मला! पुढे आमची औषधं मिळतात त्याच केंद्रात समुपदेशकाची नोकरी लागली, तेव्हा औषध न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो बोळा शिकवला.

मग आता काय बिनसलं, असं तू विचारशील. केंद्रात सध्या एक संशोधक बाई येते. सारखी लिहून घेते म्हणून आम्ही तिला टिपणवाली म्हणतो. माणसं औषध का चुकवतात, हा तिचा विषय. मी शेजारी बसते, कारण अनोळखी माणसापुढे आमच्या लोकांची दातखीळ बसते. औषध का चुकलं विचारलं की सगळ्यांचं एकच, विसरलो. शेवटी एकदा पाचसहा जणांना एकत्र बसवून तिने प्रश्नच बदलला. औषध ठेवता कुठे? मग काय, एकेकाला कंठ फुटला. शाळेतल्या एक बाई बाटली पिठाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. एकदा सासूबाईंनी कणीक मळायला नेमका तोच डबा घेतला, आणि बाईंच्या जिवाचं पाणी पाणी. हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्यांच्यातला शिंपीदादा सगळ्यांत मोठ्याने हसत होता. हसता हसताच तो म्हणाला, मी तर भावाकडे महिनाभर राहिलो आणि एक गोळी घेतली नाही, घर माणसांनी भरलेलं, काढणार कुठे?

थोड्याच दिवसांत तो वॉर्डात भरती झाला. मी भेटायला गेले. ओळखू येत नव्हता गं. उशाशी बाटली होती आणि तिच्यात मी शिकवलेला बोळा. काय संताप आला म्हणून सांगू! त्याचा नाही, तुझा तर नाहीच. माणूस मरायला टेकला होता आणि बाटली मात्र शहाण्यासारखी गप्प. घरी आले ती चप्पलसुद्धा न काढता माझ्या बाटलीतला कापूस ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला. शिंपीदादा आता उठून बसतो, पेज मागतो, नर्सशी भांडतो. म्हणजे वाचेल. आणि आता केंद्रात नवीन माणूस आला की मी बाटली त्याच्यासमोर खळाखळा वाजवते आणि सांगते, ह्या आवाजावर आपण जगतो.

मला हा आजार कुठून आला, असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. कुणाचा खोकला कुठून आला हे मी विचारायला जात नाही. रोज गोळी घेते, नोकरी करते, तुझ्यावर ओरडायला अंगात भरपूर जोर आहे. माझ्या रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी झालाय. एका ताटात जेवून तो कुणाला कधीच होत नव्हता. तुझ्या रक्तात तो नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होऊ दे.

लग्न मोडलं तर, ही तुझी भीती मला कळते. मीही घाबरलेय, दगड नाही मी. पण रविवारी बाटली लपवली की तुझ्या घरी येताना लपवायची, तुझ्या बाळाला मांडीवर घेताना लपवायची. तुझं घर माणसांनी भरलेलं असेल. तिथे मी चार दिवस राहायला आले तर गोळी घेऊ की चुकवू? तूच सांग.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पत्र मुद्दाम लिहिलंय. तू त्याला केव्हाच सांगितलंस, पण त्याच्या आईवडिलांपुढे तुझी जीभ रेटत नाही, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. नको रेटू. हे पत्र त्यांच्या हातात दे. म्हणून तर अक्षर एवढं नीट काढलंय. वाचून आले तर पाच ताटं मांडीन, नाही आले तर आपली दोन. बाटली दोन्ही वेळा टेबलावरच असेल, आणि जेवण झालं की मी ती वाजवूनच उघडेन.

तुझीच, कुणापुढेही तुझीच,
आई