युवराज पायरीवर येईपर्यंत नौबत बंद

अल्लाचे नाव घेऊन लिहिते. मी मेलूर, उदाची मुलगी, दरबारचे नौबतवाले पंडाक मेराह यांची विधवा, वय अठ्ठावन्न. अक्षरे त्यांच्या माघारी स्वतःच शिकले, म्हणून चुका असतील. मला कोणी भरीस घातलेले नाही. भीती मात्र वाटते आहे, तीही लिहून ठेवते.

मुलगा कुलुप आणि मुलगी तेह यांचे वाटे धर्मानेच ठरवून दिले आहेत. खांबांवरचे घर आणि दुरियानची दोन झाडे त्यात आली. तांब्याचा हंडा नणंद आपला म्हणते. तो तिचा नाही.

धर्माने माझ्या मर्जीवर सोडलेला तिसरा हिस्सा, म्हणजे बांगड्या आणि होडी, बाजारात केळीची भजी विकणाऱ्या तुंकू हलीजाह यांना द्यावा. बावीस वर्षांपूर्वी गादीवर हक्क त्यांच्या नवऱ्याचा होता. ते गादीवर बसायला येताना राजवाड्यापासून नदीच्या दोन वळणांवर पोचले असताना प्रधानाने त्यांच्या धाकट्या भावासाठी माझ्या नवऱ्याकडून नौबत झडवून घेतली. आमच्याकडे ज्याच्यासाठी नौबत झडली तो सुलतान. मागाहून कोणाचे काही चालत नाही. थोरल्यांना दोन मुलांसकट नदीत बुडवले. "हुकूम होता," असे मी नवऱ्याला समजावत राहिले. ते म्हणायचे, "हुकूम त्यांचा, हात माझे." पुढे ते कधी पोटभर जेवले नाहीत.

तो धाकटा सुलतान परवा वारला. नवा ठरल्याशिवाय जुन्याला दफन करत नाहीत, म्हणून मय्यत राजवाड्यातच आहे. सगळ्या सरदारांनी मानलेले युवराज चार दिवसांच्या वाटेवर आहेत. प्रधानाला आपला जावई बसवायचा आहे. काल त्याचा माणूस आला.

"मावशी, शुक्रवारी नौबत झडली पाहिजे."

"युवराजांना येऊ देत की."

"मुडदा थांबतोय होय तुझ्या युवराजासाठी? कुलुप कुठंय?"

"मासे धरायला गेलाय."

"नौबतीच्या काठ्या घेऊन?" तो हसला. "परवापर्यंत हजर कर. आणि बोटं सांभाळ म्हणावं."

कुलुपला मी काल पहाटेच युवराजांकडे धाडले होते. गादीचा ताल आता एकट्या त्यालाच येतो.

कुलुप, हा कागद इमामसाहेब तुझ्याकडे पोचवतील. प्रधान निरोप धाडेल, "नौबत वाजव, आईला सोडतो." मी धीट नाही रे. जिन्यावर पाऊल वाजले तरी दिवा विझवून बसते. त्यांनी धरले तर मीच ओरडेन, तुला हाका मारून "वाजव" म्हणेन. ते माझे म्हणणे धरू नकोस. माझे म्हणणे हे, इथे लिहिलेले. युवराज राजवाड्याच्या पायरीवर उभे दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

इमामसाहेब म्हणाले, "सही करतो ताई, पण मी काही वाचलेलं नाही, बरं का." मग मीच दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. दोघांनी तरीही सही केली.

साक्षीदार: इमाम लेबाई तालिब, होडी बांधणारे न्गाह जब्बार
मेलूर बिन्ती उदा, सही व अंगठा
कंपुंग रेंगस, ९ शाबान, हिजरी १२९०