मुठीत वितळलेलं उंदराचं प्रथिन

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच घालते.) तुझे गुडघे नुसतेच कुरकुरतात, की आता उघड भांडायला लागलेत? इकडे सगळं ठीक. तू घर रिकामं करते आहेस हे तुझ्या पत्रातून कळलं. ‘माझं काय, कुठेही भागेल’ हे वाक्य मात्र मी वाचलंच नाही असं समज. मला काही मागायचं नाही, फक्त माझी फजिती कळवायची आहे.

तर आमच्या प्रयोगशाळेत उंदीर आला. म्हणजे अख्खा उंदीर नव्हे, त्याच्या अंगातलं एक प्रथिन. आणि तेही त्याच्याकडून घेतलेलं नाही. त्याची कृती जिवाणूंच्या हवाली केली आणि त्यांनी ते बनवून दिलं. (बिचाऱ्या उंदराला आपल्या नावावर काय खपतंय याचा पत्ताही नाही.) थर्माकोलचं हे थोरलं खोकं, आत वाफा सोडणारा ड्राय आइस आणि तळाशी करंगळीच्या पेराएवढी नळी. नळीत जेमतेम एक गोठलेला थेंब. आमच्या विभागप्रमुख बाईंनी वर्षभर वरच्यांच्या हातापाया पडून तो मागवला होता. पेशीतली बिघडलेली प्रथिनं हुडकून त्यांच्यावर खूण चिकटवायची, हे याचं काम. खूण लागली की ते प्रथिन मोडीत. हे ऐकल्यावर मला राहवेना. मी बाईंसमोरच म्हणाले, “अहो, ही तर आमची आत्या!”

आठवतं ना? सुट्टी लागली की तू घरादाराचे कपडे पलंगावर ओतायचीस आणि शिवणाचा निळा खडू घेऊन बसायचीस. गोल म्हणजे दुरुस्ती, फुली म्हणजे फडकी. बाबा अंगातला सदरा दोन्ही हातांनी धरून कोपऱ्यात उभे. (“ताई, हा अजून चालतो गं.” “चालतो कसला, रांगतोय!”) तुझा चष्मा फुटला त्या वर्षी तू एकालाही फुली मारली नाहीस आणि आम्ही सगळे भोकं मिरवत गावभर फिरलो. आत्या, तो पलंग, तो खडूचा वास, मशीनची ती खडखड मला फार फार आठवते. इथे सगळं कसं पांढरंशुभ्र आणि गप्प असतं.

तर फजिती. ती नळी बर्फात ठेवून सावकाश वितळवायची असते. पण थंडीत गोठलेल्या तेलाची बाटली तू माझ्या मुठीत द्यायचीस आणि वेणी सोडता सोडता गोष्ट सांगायचीस. गोष्ट संपेपर्यंत तेल पातळ. त्या सवयीनं मी नळी मुठीत घट्ट धरली आणि टेबलाभोवती जमलेल्यांना तुझ्या खडूची गोष्ट सांगत सुटले. गोष्ट रंगली, थेंब ऊन झाला. मग मुद्दाम तापवून बिघडवलेल्या प्रथिनांमध्ये आमचे हे नळीतले परीक्षक सोडले, तर एकावरही खूण नाही. सगळे पास! बिघाड ओळखणाराच माझ्या मुठीच्या उबेनं बिघडला होता. बाईंनी विचारलं, हे असं वितळवायला कुणी शिकवलं? मी खरं ते सांगितलं. आता नोकरी गेली असं धरून चालले होते. बाई हळूच म्हणाल्या, “आमची आजी बाटली काखेत धरायला लावायची.” नवी नळी मागवली आहे. ती येईल त्या दिवशी मी हात खिशात घालून बसायचं, अशी ताकीद आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
गरम मुठीची भाची

ता. क. कपड्यांची निवड सुरू असेलच. बाबांच्या तपकिरी कोटावर फुली मारू नकोस. कोपर गेलंय, अस्तर लोंबतंय, खिसा फाटलाय, सगळं ठाऊक आहे. पण बाबा गेल्यापासून तो तुझ्या दाराआड टांगलेला आहे आणि तूही त्याला कधी खडू लावला नाहीस. तो मला हवा आहे.

आणखी एक ता. क. पार्सलनं पाठवू नकोस. नाजूक वस्तू लोक कशा हाताळतात ते वर लिहिलंच आहे. तो अंगात घालून तूच ये. खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे, मशीनही मावेल.

शेवटचा ता. क. परतीचं तिकीट काढू नकोस. आणि ‘मी आता जुनी झाले’ वगैरे ऐकून घेणार नाही. या घरात खडू माझ्या हातात आहे, आणि तुझ्यावर मी गोल काढला आहे.